शब्दचर्चा : आरोग्यातील विषमता म्हणावे, असमानता म्हणावे की तफावत?

भाषांतरकर्ती :
नमस्कार. इंदुरातील आमच्या मंडळाच्या वार्षिक अंकासाठी मी एका इंग्रजी लेखाचे भाषांतर करीत आहे. एकेका रुग्णाकडे न पाहता साऱ्या लोकसमूहाकडे पाहणारे आरोग्यसंशोधन कसे चालते, आणि कोणाच्या वाट्याला जास्त आयुष्य येते व कोणाच्या कमी, याची कारणे त्यातून कशी शोधली जातात, असा त्याचा विषय आहे. मी अडले आहे ती एकाच वाक्यावर. आरोग्यातील प्रत्येक 'इनइक्वॅलिटी' ही 'इनइक्विटी' नसते, असे ते वाक्य आहे. ब्रिटिश आरोग्यसंशोधक मार्गारेट व्हाइटहेड यांनी १९९० मध्ये केलेली फोड तिथे दिली आहे : जो फरक अनावश्यक आहे, टाळता येण्याजोगा आहे आणि शिवाय अन्याय्य आहे, तोच दुसऱ्या नावाला पात्र ठरतो. ऐंशीच्या माणसाला तिशीतल्यापेक्षा जास्त दुखणी असतात, हा झाला पहिला प्रकार. एकाच शहरात नळाच्या पाण्यावर वाढलेले मूल जगते आणि टँकरच्या पाण्यावर वाढलेले जुलाबाने दगावते, हा दुसरा.

मी पहिल्याला 'असमानता' आणि दुसऱ्याला 'विषमता' म्हटले. मजकूर तपासणाऱ्या गृहस्थांनी दोन्हीकडे 'तफावत' केले आणि समासात शेरा लिहिला, की असमानता हिंदी आहे आणि विषमता राजकीय. घरी सासूबाईंना वाक्य वाचून दाखवले, तर 'आरोग्यविषमता' ऐकून त्यांनी "म्हणजे मोतीझराच ना?" असे विचारले. त्यांच्या माहेरी टायफॉइडला विषमज्वर म्हणत. लग्न होऊन इंदुरात आल्यावर त्याचा मोतीझरा झाला. जाणकारांनी कृपया मार्ग दाखवावा. अंक शनिवारी छपाईला जायचा आहे.

हिशेबनीस :
पस्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला 'तफावत' हा शब्द सौम्य वाटत नाही. रोकड आणि खातेवही यांचा मेळ बसला नाही की ती तफावत, आणि ती सापडेपर्यंत कोणालाही घरी जाता येत नसे. दोन्ही आकडे मुळात एकच असायला हवे होते आणि कुठे तरी कोणाची तरी चूक झाली आहे, हे त्या शब्दात गृहीतच धरलेले असते. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणाऱ्या अर्भकांची संख्या केरळात ४.४ आणि आपल्या मध्य प्रदेशात ४१.३ आहे. ते आकडे शेजारी शेजारी पाहिले तेव्हा माझ्या मनात 'तफावत' हाच शब्द आला. तो अरबी-फारसीतून आला म्हणून कोणी नाक मुरडू नये. 'हिशेब'ही तिकडूनच आला आहे.

रामबागकर :
हिशेबनीसांच्या शेवटच्या वाक्याची मी वाटच पाहत होतो. खातेवहीत तफावत शोभते, माणसाच्या मरणात नाही. घरात रास्त मराठी शब्द असताना उसनवारी कशाला? 'विषमता' या शब्दातच 'विष' आहे, आणि समाजात भिनलेले विष त्यातून आपोआप सूचित होते. तरीही सासूबाईंची अडचण खरी आहे असे मानले, तर 'आरोग्यवैषम्य' असा भारदस्त शब्द करावा. अर्थ तोच राहील आणि तापाची आठवणही होणार नाही.

वैद्यकन्या :
काका, क्षमा असावी, पण त्यात विष नाही. 'वि' हा उपसर्ग 'सम' शब्दाला लागला आणि इकारानंतर स चा ष झाला, एवढेच घडले आहे. 'सु' लागून 'सुषमा' झाली, तीही याच रीतीने. माझे वडील आयुर्वेदाचे वैद्य होते आणि 'सम' या शब्दावर त्यांचे पोटच चाले म्हणायला हरकत नाही : वाग्भटाने अष्टांगहृदयात दोषांचे वैषम्य म्हणजे रोग आणि दोषांचे साम्य म्हणजे अरोगता असे सांगितले आहे. म्हणजे आपल्या परंपरेत वैषम्य हीच रोगाची व्याख्या असल्यामुळे 'आरोग्यवैषम्य' हा शब्द वैद्याच्या कानाला 'आरोग्याचा रोग' असा काहीसा ऐकू येईल. दुसरे असे, की मराठीत आपल्याला 'वैषम्य वाटते'. धाकट्या जावेला आधी पाटल्या मिळाल्या तर वैषम्य वाटते. ते मनातले असते. टँकरच्या वस्तीतल्या बाईला वैषम्य वाटो न वाटो, तिचे मूल दगावण्याचा संभव जास्त असतोच.

रामबागकर :
व्युत्पत्ती मान्य. पाटल्यांचा दाखला अनावश्यक होता.

सांख्यिक :
मी लोकसमूहांच्या आरोग्यावरच काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. तफावत असो, फरक असो की वर्तमानपत्रांची आवडती 'दरी' असो, या सगळ्या शब्दांत एक खोट आहे, ती म्हणजे त्यांच्यात दोनच बाजू असतात. दरीला दोन कडे, तफावतीला दोन आकडे. संशोधनात जे दिसते, त्याला मात्र अनेक पायऱ्या असतात. लंडनमधील सरकारी कर्मचाऱ्यांचा व्हाइटहॉल अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला आणि त्यात सुमारे १८ हजार पुरुष होते. सगळ्यांना पक्की नोकरी, सगळ्यांना सरकारी आरोग्यसेवा मोफत, उपाशी कोणी नाही. तरीही हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण निरोपे आणि दरवान यांच्यात सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या तिपटीहून जास्त निघाले, आणि मधले लोक मधोमध होते : कारकून दरवानापेक्षा बरे, पण आपल्या साहेबापेक्षा वाईट. सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब वजा केला तरी पायऱ्या पुसल्या गेल्या नाहीत. मायकेल मार्मट यांनी १९८५ मध्ये दुसरा अभ्यास सुरू केला, त्यात १०,३०८ जण होते आणि या वेळी स्त्रियाही होत्या. कामावर स्वतःचा किती ताबा आहे, यासारख्या गोष्टी त्यात पुढे आल्या.

ही गोष्ट जुनीच आहे. इंग्लंडमधील समाजसुधारक एडविन चॅडविक यांच्या १८४२च्या अहवालात लिव्हरपूलमधील मृतांचे सरासरी वय प्रतिष्ठितांत ३५, व्यापाऱ्यांत २२ आणि मजुरांत १५ असे दिले आहे. बालमृत्यू अमाप असल्यामुळे हे आकडे इतके खाली दिसतात. मात्र ग्रामीण रटलंडमध्ये मजुराचा आकडा ३८ होता, म्हणजे लिव्हरपूलच्या प्रतिष्ठितापेक्षाही जास्त. वर्गाचा उतरता क्रम आणि गावाची हवा, अशी दोन कारणे त्या एकाच कोष्टकात दिसतात. हे सारे 'दरी' या शब्दात कसे मावणार?

भाषांतरकर्ती :
सांख्यिक, 'दरी' मला इंदुरात तशीही वापरता येणार नाही. इथल्या मुलांच्या तोंडी दरी म्हणजे हिंदीतली दरी, अर्थात सतरंजी. 'श्रीमंत आणि गरीब यांच्यातील आरोग्याची दरी' असे शीर्षक दिले, तर दोघे एका सतरंजीवर बसले आहेत असा अर्थ लागेल. आपण सांगता त्या पायऱ्यांसाठी लेखात 'सोशल ग्रेडियंट' असा शब्द आहे. भूगोलात उताराला प्रवणता म्हणतात, त्या धर्तीवर 'सामाजिक प्रवणता' करावे का?

शुद्धलेखक :
कृपया करू नये. दुष्काळप्रवण, अपघातप्रवण या शब्दांनी 'प्रवण' आता दुसऱ्याच घरी नांदतो आहे. 'सामाजिक प्रवणता' वाचून माणूस फार समाजशील आहे असे वाटेल. जाता जाता, मूळ वाक्यात 'अन्याय्य' हाच शब्द ठेवावा आणि छापखान्यात तो कोणी 'अन्यायी' करणार नाही यावर लक्ष असावे. राजा अन्यायी असतो, त्याचा कर अन्याय्य असतो. फरक अन्यायी होऊ शकत नाही.

महूवासी :
शब्द तर समोरच पडला आहे : उतरंड. मडक्यावर मडके रचून केलेली, पायरीपायरीने बदलत जाणारी. मी महूचा आहे, आणि आमच्या गावी १८९१ साली ज्यांचा जन्म झाला त्या बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेचे वर्णन श्रेणीबद्ध विषमता असे केले होते. तिथे नुसते वरचे आणि खालचे असे दोन गट नसतात, प्रत्येकाच्या खाली कोणी तरी असतो. लंडनच्या कचेऱ्यांत आकडेवारीने जे सापडले, त्याच्या आकाराला आपल्याकडे आधीपासून नाव होते. म्हणून 'विषमता' राजकीय आहे हा शेरा मी दोष मानीत नाही. ज्यांनी मराठीत तो शब्द झिजवला, त्यांनी विचारपूर्वक झिजवला.

पाकघर :
उतरंड शब्द सुंदर आहे, पण आपण पुरुषमंडळींनी ती कधी उतरवलेली दिसत नाही. उतरंडीत सर्वांत मोठे मडके खाली असते आणि बोळके वर. खालचे मडके भक्कम असावे लागते, कारण सगळा भार त्याच्यावर. आपल्या चर्चेत तर खालचा मनुष्य आजारी आणि वरचा धडधाकट आहे. उपमा उलटी पडते.

महूवासी :
ताई, उपमा अगदी सुलटी पडते. भार खालच्यावर असतो म्हणूनच तो आधी तडकतो.

पाकघर :
तडकलेले मडके कोणतीही बाई उतरंडीच्या तळाशी ठेवत नाही. आमच्या आजीची उतरंड पन्नास वर्षे उभी होती, आणि तळाच्या डेऱ्यात बियाणे असे. जे सर्वांत जपायचे, ते सर्वांत खाली.

रामबागकर :
'उतरंड' हा 'उतरणे' आणि 'हंडी' यांचा जोड असावा, असा माझा आपला तर्क आहे. या वेळी आग्रह नाही.

हिशेबनीस :
माझा एक बाळबोध प्रश्न. लेखाच्या विषयालाच मराठीत काय म्हणणार? 'पॉप्युलेशन हेल्थ' म्हणजे 'लोकसंख्येचे आरोग्य' केले, तर माझ्या पिढीला लाल त्रिकोण आणि कुटुंबनियोजनाची भिंत आठवते.

सांख्यिक :
प्रश्न बाळबोध मुळीच नाही. 'लोकसंख्या' मध्ये लोकांपेक्षा संख्या मोठी झाली आहे. संख्याशास्त्रात आम्ही 'समष्टी' म्हणतो आणि व्यष्टीशी तिची जोडी छान जमते, परंतु वाचकाला ते वेदान्ताचे प्रवचन वाटते. 'सार्वजनिक आरोग्य' म्हटले की खाते, लस आणि फवारणी डोळ्यांपुढे येते. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी १९८५ मध्ये मांडलेला भेद इथे महत्त्वाचा आहे : या माणसाला हा आजार का झाला, हा एक प्रश्न; आणि या लोकसमूहात हा आजार इतका का आहे, हा वेगळाच प्रश्न. लंडनच्या नोकरदारांचा रक्तदाब केनियातील भटक्या पशुपालकांपेक्षा सरसकट जास्त होता. लंडनमध्येच तपासत बसलो तर एक नोकरदार दुसऱ्यापेक्षा वेगळा का, एवढेच कळते. सगळेच का वर सरकले, ते कळत नाही.

भाषांतरकर्ती :
मी 'समाजाचे आरोग्य' लिहिले होते. पण इंदुरात समाज म्हणजे ज्याचा त्याचा समाज, अमुक समाजाची धर्मशाळा, तमुक समाजाचे परिचय संमेलन. एका मैत्रिणीने विचारले, की कोणत्या समाजाचे शिबिर आहे?

वैद्यकन्या :
आणि इथल्या सरकारी पाट्यांवर 'स्वास्थ्य' असते. मराठीत स्वास्थ्य म्हणजे निवांतपणा. आपल्या मुलांना हा फरक समजावता समजावता माझे स्वास्थ्य जाते.

शुद्धलेखक :
'शहराचे आरोग्य' म्हणायला काय हरकत आहे? इंदूरपुरते तरी त्याला इतिहास आहे. होळकरांच्या दरबाराने पॅट्रिक गेडिस यांना नगररचनेसाठी बोलावले होते आणि त्यांचा दोन खंडांतील अहवाल १९१८ साली निघाला. प्लेगच्या त्या दिवसांत त्यांनी दिवाळीत शहरभर मिरवणूक काढवली, तिच्यात प्लेगच्या उंदराची भली मोठी प्रतिकृती होती आणि झाडूवाल्यांना स्वच्छ पांढऱ्या पोशाखात मानाने चालवले होते. रोग कोणाच्या पापाने येतो हे न विचारता तो कोणत्या गल्लीतून येतो हे विचारणे, हा सांख्यिक म्हणतात तोच प्रश्न झाला.

महूवासी :
मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी त्या झाडूवाल्यांच्या वस्तीत पाणी आले का, यावर 'असमानता' लिहायचे की 'विषमता', हे ठरेल.

सांख्यिक :
महूवासींच्या मुद्द्याला ब्रिटनमधील एक जोड देतो, कारण शब्दांची ही ओढाताण तिथेही झाली आहे. आरोग्यातील विषमतेवरचा डग्लस ब्लॅक यांच्या समितीचा अहवाल १९८० मध्ये आला तेव्हा सरकारने त्याच्या जेमतेम २६० प्रती काढल्या. पुढे १९९५ मध्ये त्यांच्या आरोग्य खात्याने याच विषयावर पुस्तिका काढली, तिच्या शीर्षकात 'इनइक्वॅलिटी' नव्हती, 'व्हेरिएशन' होते, म्हणजे आपल्याकडचे 'फरक' किंवा 'वैविध्य'. बागेतल्या फुलांत असते तसे! १९९८ मध्ये अॅचिसन समितीच्या अहवालाबरोबर जुना शब्द परत आला. आणखी एक गोष्ट भाषांतरकर्तींना उपयोगी पडेल. ब्रिटनमध्ये 'इनइक्वॅलिटी' म्हटले तरी बहुतेक जण अन्याय्य फरक असाच अर्थ घेतात, अमेरिकेत त्याच गोष्टीला 'डिस्पॅरिटी' म्हणतात. मूळ भाषेतच ज्या दोन शब्दांची सरमिसळ होते, त्यांना आपण दोन काटेकोर शब्द द्यायला निघालो आहोत.

हिशेबनीस :
म्हणजे 'डिस्पॅरिटी' ही आपली तफावतच ठरली. मी अमेरिकेच्या बाजूने आहे असे समजावे.

रामबागकर :
मी तसे मुळीच समजत नाही.

भाषांतरकर्ती :
सर्वांचे आभार. अंक काल छपाईला गेला. पहिल्यासाठी 'फरक' आणि दुसऱ्यासाठी 'विषमता' असे ठरवून दिले होते आणि ग्रेडियंटसाठी धीर करून 'उतरंड' लिहिले होते. गृहस्थांनी आतला मजकूर तसाच ठेवला आहे, मात्र शीर्षकात 'आरोग्यातील तफावत' केले आहे. 'अन्याय्य' तीन ठिकाणी बरोबर आहे आणि एका ठिकाणी 'अन्यायी' झाला आहे.

पाकघर :
उतरंड छापलीच आहे, तर तळाच्या डेऱ्यात बियाणे असते एवढी एक तळटीप घालता आली असती.

महूवासी :
ताई, बियाणे डेऱ्यात असते हे मान्य, पण ते डेऱ्याचे नसते.