शब्दचर्चा: पेटंट घेतलं, काढलं की मिळालं?

पाटीपेन्सिल
एका विज्ञान प्रदर्शनाचे फलक मराठीत करते आहे. विषय पेटंट झालेल्या वस्तू: यंत्रं, खेळाचं साहित्य, मोबाइल. मोबाइलच्या पहिल्याच फलकावर अडले. मी लिहिलं, ‘मार्टिन कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1973 साली हातात घेऊन फिरता येईल अशा फोनचं पेटंट घेतलं.’ मजकूर तपासणाऱ्या सरांनी 1973 खोडून 1975 केलं. तारखा दोन्ही खऱ्या आहेत. अर्ज 17 ऑक्टोबर 1973 चा, मंजुरी 16 सप्टेंबर 1975 ची. वाद आहे तो ‘घेतलं’ या शब्दावर. माझ्या कानाला पेटंट घेणं म्हणजे जाऊन आपलं नाव लावणं, म्हणजे अर्जाचा दिवस. सर म्हणतात, घेतलं म्हणजे हातात पडलं. घरी विचारलं तर तिसरंच उत्तर आलं, ‘पेटंट काढतात, घेत नाहीत.’ तुम्ही काय म्हणता? फलकावर जागा जेमतेम दोन ओळींची आहे, त्यामुळे अर्ज अमुक साली आणि मंजुरी तमुक साली असं लांबण लावता येणार नाही.

गिअरबॉक्स
आमच्या डिझाइन विभागात ‘फाइल झालं’ आणि ‘ग्रँट झालं’ हे दोनच शब्द चालतात. ‘घेतलं’ बाहेरची माणसं म्हणतात. आणि हा फरक नुसता कागदी नाही. ग्रॅहम बेलचा अर्ज 14 फेब्रुवारी 1876 चा, पेटंट 7 मार्चचं, आणि त्याचा मदतनीस वॉटसन याला तारेतून बेलची हाक ऐकू गेली ती 10 मार्चला. म्हणजे यंत्र बोलायच्या आधी पेटंट हातात होतं. त्याच 14 फेब्रुवारीला टेलिफोनवरच काम करणाऱ्या एलिशा ग्रे यांचं कॅव्हेटही, म्हणजे ‘पेटंट मागणार आहे’ अशी आगाऊ सूचना, त्याच कार्यालयात दाखल झालं. पुढचा सगळा झगडा त्या एका दिवसावरून झाला. म्हणून अर्जाच्या दिवसाला वेगळं क्रियापद हवंच.

रानवारा
घरचे बरोबर सांगतायत. पासपोर्ट काढतो, विमा काढतो, तिकीट काढतो, तसं पेटंट काढतो. सरकारदरबारातून कागद बाहेर काढायचा असतो ना? आणि नुसता अर्ज केला असेल तर त्यालाही मराठीत शब्द आहे की: ‘पासपोर्ट काढायला टाकलाय.’ बोलणारा माणूस हा फरक रोज करतो. कूपरनं 1973 ला पेटंट काढायला टाकलं, 1975 ला निघालं. संपला प्रश्न.

शब्दवेल्हाळ
क्रियापदाआधी नामाकडे बघूया का? परिभाषेत ‘एकस्व’ हा नेटका शब्द आहे. तीनच अक्षरं. एकाचं स्व ते एकस्व. इथे ‘स्व’ म्हणजे ‘मी’ नव्हे, स्व म्हणजे मालमत्ता. सर्वस्व गमावलं म्हणतो तेव्हा हाच स्व असतो, आणि ज्याच्याकडे काहीच उरलं नाही तो निःस्व. अशी भावंडं घरातच असताना पेटंट कशाला? ‘एकस्व’ लिहिलंत की क्रियापदही आपोआप सुटतं: एकस्व मागितलं, एकस्व मिळालं.

रानवारा
वेल्हाळराव, शब्द छान आहे हो, पण प्रदर्शनातल्या शाळकरी मुलाला ‘एकस्व’ वाचून काय कळणार? पेटंट आता मराठीच आहे. इतकं मराठी, की त्याला आपण स्वतःचा अर्थ दिलाय. ‘हे त्याचं पेटंट वाक्य’, ‘तिचं पेटंट उत्तर ठरलेलं’. इथे कुणाला हक्क, अर्ज, मंजुरी आठवत नाही. ठरीव, हमखास, त्याच माणसाचा शिक्का असलेलं, एवढंच. तिथे ‘एकस्व वाक्य’ म्हणून बघा.

प्रूफवाचक
‘पेटंट औषध’ राहिलं. माझी आजी कुठल्याही बाटलीबंद तयार औषधाला पेटंट औषध म्हणायची. गंमत म्हणजे त्या जुन्या औषधांपैकी बहुतेकांना पेटंट नसायचंच. पेटंट हवं तर आत काय आहे ते उघड सांगावं लागतं, आणि विकणाऱ्यांना नेमकं तेच लपवायचं असे. नाव आणि बाटलीचा आकार राखून ठेवायचे, कृती गुप्त.

ठोकताळा
म्हणजे ‘पेटंट’ हे पेटीवरूनच आलं असणार! पेटीबंद, पेटबंद, पेटंट. गुपित पेटीत कुलूपबंद. आमच्याकडे लहानपणापासून असंच सांगत आलेत.

जुनी वही
नाही हो, नेमकं उलट आहे. लॅटिन ‘पातेरे’ म्हणजे उघडं असणं. राजाची पत्रं दोन तऱ्हेची असत. एक घडी घालून मोहोर लावून बंद केलेलं, जे मोहोर मोडल्याशिवाय वाचता येत नसे. दुसरं उघडं, ज्याची मोहोर खाली लोंबत असे आणि जे कुणीही वाचावं. त्या उघड्या पत्राचं नाव पुढे पेटंट झालं. पेटी नाहीच, झाकणही नाही. सगळ्यांसमोर सांगायचं आणि त्या बदल्यात ठरावीक मुदतीपुरता दुसऱ्यांना मज्जाव करायचा, हा त्यातला सौदा. म्हणूनच मला ‘एकस्व’ अपुरा वाटतो. त्यात मालकी आली, उघडं करणं आलं नाही.

मला विचाराल तर जुना शब्द ‘सनद’. राज्यकर्त्यानं दिलेला, चारचौघांत दाखवायचा हक्काचा कागद.

शब्दवेल्हाळ
सनद केव्हाच चार्टरला दिली गेली आहे, जुनी वही. सनदी लेखापाल, सनदी अधिकारी, मानवी हक्कांची सनद. त्याच शब्दात पेटंटही कोंबलं तर ‘सनदी अभियंता’ म्हणजे पात्रता मिळवलेला की पेटंटवाला?

गिअरबॉक्स
उघडं करण्यावरून आठवलं. निल्स बोहलिन यांचा तीन ठिकाणी बांधला जाणारा सीटबेल्ट, 1959 चा. व्होल्वोनं पेटंट घेतलं आणि दुसऱ्या गाड्या बनवणाऱ्यांना वापरायची मोकळीक दिली. याला सगळीकडे ‘पेटंट खुलं केलं’ असं लिहितात. जुन्या वहीची व्युत्पत्ती धरली तर पेटंट खुलंच असतं. खुला केला तो वापर. मी हे वाक्य नेहमी ‘पेटंट असून वापर सर्वांना मोकळा ठेवला’ असं दुरुस्त करतो आणि माझे तरुण सहकारी दर वेळी वैतागतात. तरी करतो. कारण ‘खुलं केलं’ वाचून लोकांना वाटतं की पेटंट सोडून दिलं.

पाटीपेन्सिल
सगळं वहीत उतरवून घेते आहे. पण माझ्या दोन ओळी तशाच आहेत. ‘काढायला टाकलं’ फलकावर बरं दिसणार नाही असं सर म्हणतात. आणि आता दुसरी अडचण: वस्तूला काय म्हणू? सगळीकडे ‘शोध’ लिहिलंय, पण एका फलकावर वाक्य असं होतंय की निसर्गातल्या गोष्टीच्या शोधाला पेटंट मिळत नाही, नव्या शोधाला मिळतं.

जुनी वही
हा खरा मराठीचा जुना प्रश्न आहे. गुरुत्वाकर्षणाचाही शोध आणि टेलिफोनचाही शोध. एक आधीपासून होतं, दुसरं नव्हतं. पेटंटच्या कायद्याचं तर सगळं घर या भिंतीवर उभं आहे. युरोपीय पेटंट कराराच्या 52 व्या कलमात नुसता निसर्गाचा उलगडा, वैज्ञानिक सिद्धान्त आणि गणिती पद्धती सरळ बाजूला काढल्या आहेत. हिंदीनं ‘खोज’ आणि ‘आविष्कार’ अशी वाटणी केली. आपण आविष्कार घेतला, पण त्याला कलेच्या दालनात बसवलं. गायिकेचा आविष्कार, अभिनयाचा आविष्कार. ‘सायकलचा आविष्कार’ म्हटलं की मराठी कान टवकारतो.

ठोकताळा
क्रियापदानं फरक होतो की. निसर्गातलं असेल तर शोध ‘लागला’, माणसानं केलं असेल तर शोध ‘लावला’.

रानवारा
आणि ‘चाकाचा शोध लागला’? ‘न्यूटननं शोध लावला’? दोन्ही रोज म्हणतो. लागला आणि लावला यांत फरक एवढाच की करणारा माणूस माहीत आहे की नाही.

गिअरबॉक्स
‘शोध लावला’ या शब्दानं यंत्रांच्या इतिहासाचं फार नुकसान केलंय, हे मी मनापासून सांगतो. ‘वॉटनं वाफेच्या इंजिनाचा शोध लावला.’ न्यूकमेनचं इंजिन 1712 पासून खाणींतलं पाणी उपसत होतं. वॉटचं 1769 चं पेटंट वेगळ्या कंडेन्सरचं. आधी प्रत्येक फेऱ्याला सिलिंडर तापायचा आणि गार व्हायचा, त्यात वाफ फुकट जायची. वॉटनं वाफ गार करायची जागाच निराळी केली. केवढी मोठी गोष्ट! पण ‘शोध लावला’ म्हटलं की ती पुसली जाते आणि सगळं इंजिन एकाच्या नावावर चढतं. हेडी लमारचंही तेच. ‘अभिनेत्रीनं ब्लूटूथचा शोध लावला’ असा निरोप सारखा फिरत असतो. तिचं आणि जॉर्ज अँथाइल या संगीतकाराचं 1942 चं पेटंट गुप्त संदेशयंत्रणेचं आहे. रेडिओची कंप्रता (फ्रीक्वेन्सी) सारखी बदलत ठेवायची, म्हणजे शत्रूला संदेश अडवता येणार नाही. पियानोच्या पट्ट्यांइतक्या, 88 कंप्रतांची योजना होती. ब्लूटूथमध्ये उड्या मारण्याचं ते तत्त्व आहे, पण ब्लूटूथ त्यांचं नव्हे. मी अशा ठिकाणी सरळ ‘युक्ती’ लिहितो. वॉटची युक्ती, लमारची युक्ती.

शब्दवेल्हाळ
युक्ती हलका शब्द आहे. मुलं शाळेत युक्त्या करतात. ‘उपज्ञा’ घ्या. पाणिनीच्या सूत्रातला शब्द आहे, ज्याला जे पहिल्यांदा सुचलं त्यासाठीच वापरलेला. गवयाची ‘उपज’ त्यातूनच आली.

जुनी वही
उपज्ञा पाणिनीत आहे, खरंच. नेमक्या याच अर्थानं आहे, याचा मलाही फार आनंद आहे. पण उपज त्यातून आलेली नाही. उपजणं, उपजत, उपज ही सगळी ‘उत्पद्’पासून प्राकृतातून आलेली. ज्ञानाशी त्यांचा संबंध नाही, जन्माशी आहे.

शब्दवेल्हाळ
गवयाला तान सुचते ती जन्मते असं म्हणा की उमगते असं म्हणा, मला दोन्ही एकच वाटतं. व्युत्पत्ती वेगळी असली तरी मराठी मनात दोन शब्द जवळ आले असतील.

रानवारा
‘युक्ती’ हलका नाही. गिअरबॉक्सना माझा पाठिंबा.

बॅकहँड
खेळाच्या साहित्याकडे कुणी आलंच नाही, म्हणून लिहितो. मी अनेक वर्षं टेनिस खेळतो आणि मला खटकतं ते ‘चं’. ‘विंगफील्डनं टेनिसचं पेटंट घेतलं’ असं सर्रास वाचतो. 1874 च्या त्या पेटंटचं शीर्षकच आहे: टेनिसचा प्राचीन खेळ खेळण्यासाठी नवं आणि सुधारित कोर्ट. तो स्वतःच खेळाला प्राचीन म्हणतोय! हक्क मागितला तो कोर्टाचा. म्हणून ‘कशाचं पेटंट’ यापेक्षा ‘कशावर पेटंट’ म्हणावं. ‘वर’ म्हटलं की बोट ठेवावं लागतं.

हॉवर्ड हेडच्या 1976 च्या मोठ्या रॅकेटचंही असंच. ‘मोठ्या रॅकेटचं पेटंट’ म्हणजे किती मोठ्या? पेटंटमधल्या दाव्यात, म्हणजे हक्क नेमका कशावर ते सांगणाऱ्या भागात, 85 ते 130 चौरस इंच अशी तारांच्या पृष्ठभागाची मर्यादा होती. पेटंट त्या पट्ट्यावर होतं. नुसत्या ‘मोठी’ या विशेषणावर कुणाला हक्क मिळत नाही. मी लाकडी लहान तोंडाच्या रॅकेटनं शिकलो. मोठी हातात आली तेव्हा कडेला लागलेला चेंडूसुद्धा पलीकडे जायला लागला. ते सुख त्या आकड्यांत आहे.

प्रूफवाचक
‘वर’ला एक धोका. ‘रॅकेटवर कर लावला’ तसं ‘रॅकेटवर पेटंट’ म्हणजे रॅकेटवर काही लादलं असं वाटतं. मला ‘चं’ चालेल, पुढचं नाम नेमकं हवं.

पाटीपेन्सिल
बॅकहँड, टेनिसचा फलक तुमच्यामुळे आजच बदलला. आता एक शेवटचा फलक: डनलॉपचं 1888 चं हवेच्या टायरचं पेटंट आणि फ्रँक व्हिटलचं 1930 चं जेट इंजिनचं. दोन्ही पुढे ‘रद्द झाली’ असं लिहू का?

गिअरबॉक्स
अजिबात नको! डनलॉपच्या आधी 1845 मध्ये रॉबर्ट थॉमसननं तशाच टायरचं पेटंट घेतलेलं निघालं, म्हणून डनलॉपचं टिकलं नाही. व्हिटलचं पेटंट पक्कं होतं. 1935 साली नूतनीकरणाचे 5 पौंड भरता आले नाहीत आणि ते लॅप्स झालं. पहिल्यात हक्क मुळातच नव्हता. दुसऱ्यात होता, तो गेला.

प्रूफवाचक
दोन्हींना ‘बाद’ म्हणता येईल, पण दोन वेगळ्या अर्थांनी. फलंदाज बाद झाला तरी आधी काढलेल्या धावा फळ्यावर राहतात. मत बाद ठरलं तर ते पडलंच नव्हतं असं धरतात. व्हिटल फलंदाजासारखा, डनलॉप मतासारखा. म्हणून ‘बाद झालं’ आणि ‘बाद ठरलं’ असं वेगळं लिहावं.

शब्दवेल्हाळ
‘व्यपगत’ असा शब्द आहे लॅप्ससाठी.

रानवारा
‘पॉलिसी लॅप्स झाली’ म्हणणाऱ्या माणसासमोर ‘व्यपगत’ ठेवू नका.

बॅकहँड
प्रूफवाचकांचं ‘बाद ठरलं’ आवडलं, पण कुठे बाद ठरलं तेही सांगायला हवं. पडद्यावर बोट सरकवून फोन उघडायची ॲपलची युक्ती जर्मनीतल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयात 2015 साली बाद ठरली, कारण निओनोड या स्वीडिश कंपनीच्या फोनमध्ये बोट सरकवून उघडणं आधीच होतं. अमेरिकेत सॅमसंगविरुद्धच्या खटल्यात तीच युक्ती टिकली. आता ‘ॲपलचं पेटंट बाद ठरलं’ हे वाक्य खरं धरायचं की खोटं?