लर्निंग लायसन्सवाल्या मुलाला एकट्याने गाडी द्यायची?

नेरूळची आई: काल इथे एकाने लिहिलं, "लर्निंग हातात आलं की मुलाला सकाळी सहाला पाम बीच रोडवर एकटं सोडा, शेजारी मोठं माणूस बसलं की पोरं बिचकतात आणि शिकत नाहीत." वाचून झोप उडाली, म्हणून सविस्तर लिहिते. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या तिसऱ्या नियमात स्पष्ट आहे: शेजारी लायसन्सवाला शिकवणारा हवा, आणि गाडी आवरता किंवा थांबवता येईल अशा जागी बसलेला हवा. मागच्या सीटवर मोबाइल बघत बसलेला चालत नाही.

मार्चमध्ये बेलापूरच्या पारसिक हिलच्या चढावर माझ्या मुलाची गाडी बंद पडली. हाफ क्लच, म्हणजे क्लच अर्धवट सोडून गाडी चढावर धरून ठेवणं, जमेना; गाडी मागे सरकायला लागली, मागे रिक्षा, रिक्षात शाळेची दोन मुलं. त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर गच्च, पाय भलत्याच पेडलवर. हँडब्रेक मी ओढला. वीतभर अंतर उरलं होतं. मी शेजारी नसते तर?

घोडबंदरकर: ते मीच लिहिलं होतं. ताई, पूर्ण नियम सांगा ना. शिकवणाऱ्याकडे लायसन्स हवं, पण किती वर्षांचं? नियमात काही नाही. माझ्या धाकट्या भावाचं पक्कं लायसन्स गेल्या महिन्यात आलं, म्हणजे आज तो कायद्याने माझ्या मुलीचा गुरू! आणि हँडब्रेकचं म्हणाल तर नव्या गाड्यांत तो बटण झालाय, घाईत सापडतो का? शिवाय २००४ मध्ये स्वर्ण सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की लर्निंग हेही लायसन्सच, तेवढ्या कारणाने विमा कंपनीला हात झटकता येत नाहीत.

नेरूळची आई: विमा कंपनी पैसे देईल हो. रिक्षातल्या मुलाचा पाय कोण देणार?

खारघर सेक्टर १२: तुम्ही दोघं घरच्या गाडीवर भांडताय. मला ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांवर बोलायचंय. नियमाने २१ दिवस आणि प्रत्यक्ष स्टिअरिंगवर १० तास. मला काय मिळालं? गाडीत आम्ही चार जण, माझ्या वाट्याला सेंट्रल पार्कभोवती एक फेरी, आणि तीही सरांचे पाय क्लच-ब्रेकवर! टेस्ट पास झाले. नवऱ्याची गाडी पहिल्यांदा घेतली तेव्हा गेटवरच चार वेळा बंद पडली. तेव्हा कळलं की महिनाभर क्लच मी दाबतच नव्हते.

क्लासवाला, कोपरी: वीस वर्षं शिकवतोय, म्हणून लिहितो. पेट्रोल कुठे गेलंय बघा. विद्यार्थी २१ पैकी १२ दिवस येतात, वर "सर, टेस्टला तेवढं सांभाळा". ड्युअल ब्रेक, म्हणजे शिकवणाऱ्याच्या पायाशी असलेला दुसरा ब्रेक, नसता तर माजिवड्याच्या पुलाखाली रोज एक गाडी ठोकली असती.

खारघर सेक्टर १२: मी एकवीसच्या एकवीस दिवस आले होते. सगळ्यांना एका मापाने मोजू नका. पैसे पूर्ण घेतले होते ना?

क्लासवाला, कोपरी: चार-चार जण बसवणं चूक आहे. मान्य. मी दोनच घेतो, म्हणून माझी फी जास्त, आणि म्हणून लोक दुसरीकडे जातात. हेही लिहा कुठेतरी.

वर्तकनगर: आणि दुचाकीचं काय? कोणीच बोलत नाही. आमच्या सोसायटीत परवा लर्निंग आलेला मुलगा मित्राला डबलसीट घेऊन उपवनला फिरतो. त्याच तिसऱ्या नियमात आहे, शिकवणाऱ्याशिवाय कोणालाही मागे बसवायचं नाही. त्याच्या वडिलांना सांगितलं तर म्हणाले, तुम्ही तुमचं बघा. मुलगा पडला तर मीच रिक्षा शोधत धावणार आहे.

घोडबंदरकर: दुचाकीवर शिकवणारा मागे बसून ब्रेक कसा दाबणार, सांगा! नियम करणाऱ्याने कधी स्कूटर शिकवली नसावी.

वर्तकनगर: म्हणून मित्राला बसवायचं?

घोडबंदरकर: तसं म्हटलं नाही मी. शब्द माझ्या तोंडात घालू नका.

नेरूळची आई: शिकाऊच्या गाडीवरच्या लाल एलचंही (L) तेच. पाटी १८ सेंटीमीटर चौरस हवी, पुढे आणि मागे दोन्हीकडे. लोक वहीच्या कागदावर पेनाने एल काढून काळ्या काचेला आतून चिकटवतात. मागच्याला दिसणार कसा? माझ्या मुलाने नीट लावला, तरी पाम बीचच्या सिग्नलला मागून हॉर्नचा भडिमार. घाबरून त्याने क्लच सोडला. शिकाऊ दिसला की दोन सेकंद थांबायला काय जातं आपलं?

घोडबंदरकर: हॉर्नच्या बाबतीत शंभर टक्के तुमच्याशी सहमत. आणि ठीक आहे, "एकटं सोडा" हे मी मागे घेतो, पारसिक हिलचं वाचून. पण शेजारी बसणारा किमान तीन वर्षं गाडी चालवलेला हवा, ही माझी मागणी कायम आहे. नुसतं लायसन्स खिशात असलेला माणूस शेजारी बसला तर गाडीत दोन घाबरलेली माणसं होतात.

नेरूळची आई: यावर मात्र मी तुमच्या बाजूने सही करीन.

क्लासवाला, कोपरी: खारघरच्या ताई, रविवारी सकाळी सातला या. माझे पाय खाली ठेवून चढावर हाफ क्लच शिकवतो. पैसे नकोत.

खारघर सेक्टर १२: गाडीत आणखी कोणी नसेल तर येते.