काटोल रोडवर रोही धडकला, रविवारच्या बसचं काय?

ए-२०३ वानखेडे काकू: काल संध्याकाळी साडेसातला काटोल रोडवर आमच्या जावयाच्या गाडीला रोही (नीलगाय) धडकला. बोनेट गेलं, काच फुटली. जावई बरे आहेत. पण रविवारी पेंचच्या जंगलातून आपल्या सोसायटीच्या सहलीची बस रात्री नऊला निघणार म्हणून ऐकून राहिली मी. हे कधी ठरलं?

सी-१०१ ठाकरे (अध्यक्ष): जावई सुखरूप आहेत, हे बरं झालं काकू. जेवूनच निघायचं असं मीटिंगमध्ये ठरलं. आपण आल्या नव्हत्या.

वानखेडे काकू: मीटिंग दुपारी दोनला ठेवता. तेव्हा मी शाळेत असते, माहीत आहे सगळ्यांना.

बी-४०२ गावंडे काका: अंधार पडला की ४० च्या वर गाडी नको. गणपतीतच लिहिलं होतं मी.

डी-३०४ रोहित: शाळेतले मित्र मला रोहीच म्हणतात. दोघांचे फोन आले, लागलं का म्हणून 😂

ठाकरे: पेंचच्या हायवेवर जनावरांसाठी ९ ठिकाणी खालून वाट आहे. एक तर ७५० मीटर लांब. काळजी नसावी.

ए-५०१ डॉ. मेश्राम: ते हायवेवर. पेंचच्या सिल्लारी गेटकडच्या आतल्या रस्त्याचं काय? २०१७ च्या डिसेंबरात बाजारगावजवळ बाजीराव वाघ गाडीच्या धडकेत गेला, तोही हायवेच होता. ८० च्या स्पीडला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, ब्रेकवर पाय पोचेपर्यंतच तेवढी पुढे गेलेली असते. रोही उंच. गाडी त्याच्या पायांना लागते आणि अख्खं धड काचेवर येतं.

वानखेडे काकू: तसंच झालं हो डॉक्टर. एक गेला म्हणून त्यांनी गाडी काढली, तर मागून दुसरा आला.

डॉ. मेश्राम: कळप असतो ना. एक दिसला की थांबायचं, बाकीचे येऊ द्यायचे. लाइट डिप करायचा, हॉर्न नाही, बिथरतात ते. अगदी समोर आलाच तर सरळ ब्रेक. स्टिअरिंग फिरवलं की गाडी झाडावर नाहीतर समोरच्या ट्रकवर.

बी-१०३ कडू ताई: स्पीडचं निघालंच आहे तर आपल्या गेटमधून सुसाट कोण येतं तेही बोला. तिथे लेकरं खेळतात.

सी-३०२ राऊत: नाव घ्या ना जी.

कडू ताई: पांढरी गाडी.

राऊत: पांढऱ्या गाड्या सहा आहेत. आधी मेंटेनन्स भरा, मग बोला.

ठाकरे: इथे नको, कृपया.

गावंडे काका: पुन्हा लिहितो. अंधारात ४० च्या वर नको.

रोहित: काका, आम्हाला पाठ झालं. बसच्या ड्रायव्हरला कोण सांगणार? मागच्या वर्षी आठवतं ना, सगळे ओरडत होते तरी ऐकला नाही.

डॉ. मेश्राम: मी पुढच्या सीटवर बसतो. आणि जनावर जखमी दिसलं तर कोणी खाली उतरायचं नाही. रानडुक्कर असेल तर अंगावर येतं. वनखात्याला १९२६ वर फोन करायचा.

वानखेडे काकू: पण नऊला निघायचंच कशाला? थंडीत सहाला अंधार.

ठाकरे: बरं. जेवण दुपारी, बस चारला सुटेल. कॅटररला आजच सांगतो. कोणाची हरकत?

राऊत: चारला म्हणजे चारला. मागच्या वेळी एका कुटुंबासाठी तासभर थांबलो होतो.

कडू ताई: आमची लहान मुलगी आजारी होती भाऊ.

वानखेडे काकू: माझी हरकत नाही. पुढची मीटिंग संध्याकाळी ठेवा, मी येते.