डाळिंब युरोपला पाठवायचंय, रेसिड्यूचं (फळात उरलेल्या औषधाच्या अंशाचं) कसं करायचं? (सांगोला)

माणकाठ:
नमस्कार मंडळी. सांगोल्याजवळ भगवा जातीच्या डाळिंबाची बाग आहे, मृग बहार (पावसाळ्याच्या सुरुवातीचा) धरलाय, फळं लिंबाएवढी झालीत. एक एक्सपोर्टवाला म्हणतोय युरोपला माल घेतो पण अनारनेटची (निर्यातीच्या डाळिंब बागांची सरकारी ऑनलाइन नोंद) नोंदणी आणि रेसिड्यू तपासणीत माल पास पाहिजे. आमचा माल आतापर्यंत मार्केट यार्डातच गेलाय. सुरुवात कुठनं करू? तेल्या रोगाचं (फळावर तेलकट डाग पडतात) वातावरण आहे, फवारण्या तर थांबवता येत नाहीत.

भगवा_पंढरपूर:
दादा आधी नोंदणी. सातबारा आणि बागेचा नकाशा घेऊन कृषी ऑफिसला जावा, प्लॉटला नंबर पडतो, त्याशिवाय पुढचं काही हलत नाही. आता रेसिड्यू. युरोपात ज्या औषधाला वेगळी मर्यादा दिलेली नाही त्याला सरसकट किलोला 0.01 मिलिग्रॅम, म्हणजे 100 टन मालात 1 ग्रॅम, एवढं बारीक पकडतात. क्लोरपायरीफॉस आपल्याकडं दुकानात सहज मिळतं पण तिकडं 2020 ला बंद झालंय, त्यामुळं दुकानदार म्हणेल ते मारू नका, युरोपला चालणाऱ्या औषधांची यादी एक्सपोर्टवाल्याकडनं लेखी घ्या आणि केगावच्या डाळिंब संशोधन केंद्रात दाखवा, तेल्याचं शेड्यूलपण तिथंच विचारा. वहीत तारीख, औषधातला घटक, प्रमाण, काढणीला किती दिवस राहिले सगळं लिहा. आणि हात जोडून सांगतो, घटक न लिहिलेलं 'बायो', 'टॉनिक' काही बागेत आणू नका. असल्या बाटलीत कीटकनाशक मिसळलेलं निघतं आणि वही चोख ठेवूनसुद्धा रिपोर्ट फेल येतो, माणूस कशानं फेल झालो तेच शोधत बसतो.

पॅकहाऊसवाली_ताई:
रेसिड्यू पास म्हणजे सुटलो असं नाही हां, किडीचं वेगळंच असतं. डिसेंबर 2019 पासून युरोपला जवळजवळ सगळ्याच ताज्या फळांना फायटो सर्टिफिकेट (माल कीड-रोगमुक्त असल्याचा सरकारी दाखला) लागतं. डाळिंबाच्या मुकुटात आत पिठ्या ढेकूण बसतो, वरनं फळ एकदम चकचकीत दिसतं, आम्ही प्रत्येक मुकुटात हवेची नळी मारतो तरी एखादा चिकटून राहतो. जिवंत कीड सापडली की अख्खा लॉट अडकतो. 2014 ला फळमाशी सापडली म्हणून युरोपनं आपला आंबाच बंद केलेला, कितीतरी चांगल्या बागायतदारांचा माल त्यात अडकला. म्हणून ढेकणाचा बंदोबस्त बागेतच करा, ढेकणामागं मुंग्या येतात, त्यामुळं मुंग्या खोडावर चढताना दिसल्या की लगेच झाड तपासा. अमेरिकेचं अजून वेगळं, तिकडं पाठवायच्या डाळिंबाला विकिरण (किडीसाठी किरणांचा मारा) करावं लागतं, ती सोय पणन मंडळाची वाशीला आहे.

माणकाठ:
लई आभार ताई, दादा. एक राहिलं, शेजारी ढोबळी मिरचीचा प्लॉट आहे, त्यांनी औषध मारलं की वाऱ्यानं आमच्याकडं येतं. त्याचं काय?

भगवा_पंढरपूर:
त्यांच्याशी आत्ताच बोलून घ्या, वारं पडल्यावर मारा म्हणावं, आणि काय मारलं तेपण विचारून वहीत लिहा. बांधाकडच्या दोन ओळी एक्सपोर्टमध्ये धरूच नका, त्या लोकलला द्या, तेपण काढणीआधीचे दिवस पाळूनच. लॅबची माणसं सॅम्पलला आली की कुठनं कुठपर्यंतचा माल जाणारे ते दाखवा, आणि रिपोर्ट हातात आल्याशिवाय कात्री लावू नका.