जपानला जाताना विमानतळावरचं सिम घेऊ नका (असहमत असाल तर कारणासह लिहा)

भटक्या_डोंबिवली

"उतरल्या उतरल्या काउंटरवर जा आणि पर्यटकांचं सिम घ्या" हा सल्ला जपानच्या बाबतीत अजूनही सर्रास दिला जातो. माझ्या मते तो आता बाद धरावा.

थायलंड किंवा श्रीलंकेत लोकल सिम घेतलं की तिथला नंबर मिळतो. जपानमध्ये पर्यटकांना विकली जाणारी बहुतेक सिम फक्त डेटाची असतात. बोलायचा नंबर द्यायचा तर ग्राहकाची ओळख पडताळणं कंपनीवर कायद्याने बंधनकारक आहे आणि दहा दिवसांच्या पाहुण्यासाठी तो व्याप सहसा कोणी करत नाही. मग उरला डेटा. तो ई-सिमवर (कार्ड न घालता फोनमध्येच उतरवून घ्यायचं सिम) घरबसल्या मिळतो, ३० दिवस मुदतीचे १० जीबी साधारण १५ ते २० डॉलरला. विमानतळावरच्या सिमला साधारण ३ ते ६ हजार येन मोजावे लागतात, शिवाय रांग.

पद्धत अशी. निघण्याआधी घरच्या वायफायवर क्यूआर कोड स्कॅन करून ई-सिमची प्रोफाइल (सिमची माहिती) टाकून घ्या, पण ती लाइन बंद ठेवा. उतरल्यावर लाइन सुरू करा, मोबाइल डेटासाठी तीच निवडा आणि तिचं डेटा रोमिंग चालू करा. लोक नेमके इथेच अडकतात. 'रोमिंग' शब्द दिसला की हात आखडतो, आणि मग "नेट चालत नाही" म्हणून ओरड. ही ई-सिम बहुधा दुसऱ्याच देशातल्या कंपनीची असते, त्यामुळे जपानमध्ये ती रोमिंगवरच चालते. जादा बिल येत नाही, कारण पैसे आधीच भरलेले असतात. भारतीय सिम ओटीपीसाठी चालू ठेवा, पण त्याचं डेटा रोमिंग बंद. आयफोनवर 'अलाव सेल्युलर डेटा स्विचिंग'ही बंद करा, नाहीतर ई-सिमची रेंज गेली की फोन गुपचूप भारतीय सिमकडे वळू शकतो.

आणि नेट चालेना म्हणून वैतागून प्रोफाइल डिलीट करू नका. तो क्यूआर कोड बहुतेक वेळा एकदाच चालतो.

अंतू_तांत्रिक

पद्धत बरोबर, निष्कर्ष चूक. हे सगळं ई-सिम चालणारा फोन हातात आहे असं धरून लिहिलंय. भारतात विकल्या जाणाऱ्या मध्यम किमतीच्या कितीतरी अँड्रॉइड फोनांत ती सोयच नाही. *#०६# दाबा. आयएमईआय या फोनच्या ओळख क्रमांकाबरोबर ईआयडी नावाचा लांबलचक आकडा दिसला तर ई-सिम चालेल, नाही दिसला तर बहुधा नाही. चीनमध्ये विकलेल्या बऱ्याच आयफोनांतही दोन सिमची खाच असते, ई-सिम नसते. पैसे भरण्याआधी हे पाहायचं.

दुसरी गोष्ट बँडची (नेटवर्क ज्या लहरींवर चालतं त्यांचे ठरलेले पट्टे), जी कोणी बोलतच नाही. जपानी मोबाइल कंपन्यांपैकी डोकोमोची शहराबाहेरची भिस्त मोठ्या प्रमाणात बँड १९ वर आहे, केडीडीआयची १८ आणि २६ वर, सॉफ्टबँकेची ८ वर. आपल्याकडच्या बऱ्याच फोनांत १, ३, ५, ८, ४०, ४१ असतात; १८ आणि १९ नसतात. टोकियो-ओसाकात फरक जाणवणार नाही, तिथे बँड १ आणि ३ भागवतात. पण कामिकोची किंवा कुमानो कोदोच्या डोंगरात डोकोमोचं सिम टाकून "डोकोमो तर सगळ्यात मोठी कंपनी, मग रेंज का नाही?" म्हणायची पाळी येते. अशा फोनला सॉफ्टबँकेचं नेटवर्क बरं. फोनचा नेमका मॉडेल क्रमांक घेऊन उत्पादकाच्या पानावर बँडची यादी तपासा. नुसतं नाव पुरत नाही, एकाच नावाच्या फोनचे देशोदेशी वेगळे बँड असतात.

दुकानातल्या सिमच्या पाकिटावर नेटवर्क कोणाचं ते कळतं. ई-सिमच्या पानावर ते कुठेतरी तळाशी बारीक अक्षरात. वर तिचा डेटा आधी सिंगापूर, हाँगकाँग नाहीतर थेट युरोपला जाऊन परत येणार. नकाशाला फरक पडत नाही, व्हिडिओ कॉल मात्र अडखळतो. काही जपानी तिकीट-संकेतस्थळं परदेशी आयपीला (इंटरनेटवरच्या पत्त्याला) दारातूनच परत पाठवतात.

भटक्या_डोंबिवली

@अंतू, बँडचा मुद्दा मान्य, पण तो ई-सिमलाही तितकाच लागू आहे. सॉफ्टबँकेवर चालणारी ई-सिम घ्या, झालं. आणि घरी कॉल करताना सिंगापूर तर वाटेतच लागतं. 🙂 युरोपमार्गे जाणारी टाळावी, एवढं खरं.

ई-सिम नसलेल्या फोनात तिथलं सिम घालायचं म्हणजे अनेकदा भारतीय सिम बाहेर काढायचं. बऱ्याच ड्युअल सिम फोनांत दुसरी खाच मेमरी कार्डाशी वाटून घेतलेली असते. भारतीय सिम काढलं की शिंकान्सेनचं (बुलेट ट्रेनचं) तिकीट काढताना बँकेचा ओटीपी येणार कुठे? यूपीआय अ‍ॅपही सिम बदललं की पुन्हा पडताळणी मागतात. मेमरी कार्ड काढा, सिम नको, असं तरी सांगा लोकांना.

निगडीकर

तुम्ही दोघं स्वतःपुरतं बोलताय. सत्तरीच्या आईवडिलांना ग्रुप टूरबरोबर पाठवताना त्यांच्याकडून प्रोफाइल आणि बँड करवून घेणार? त्यांना भारतीय कंपनीचा रोमिंग पॅक द्यावा. महाग पडतो, जीबी कमी मिळतात, कबूल. पण नंबर तोच, सिम तेच, आणि काही अडलं तर तक्रार मराठी-हिंदीतून करता येते. ई-सिमवाल्यांची मदत म्हणजे इंग्रजी चॅट, तेही नेट चालू असेल तर!

शिवाय फक्त डेटाच्या सिमवरून ११० (पोलीस) किंवा ११९ (रुग्णवाहिका, अग्निशमन) लागत नाही. वयस्क माणसांच्या बाबतीत माझ्या लेखी हा एक मुद्दा पुरेसा आहे.

अंतू_तांत्रिक

@निगडीकर, मुद्दा योग्य, पण रोमिंग नुसतं असून भागत नाही. जपानमध्ये थ्रीजी संपलं. केडीडीआयने मार्च २०२२ मध्ये बंद केलं, सॉफ्टबँकेने २०२४ मध्ये, आणि डोकोमोची शेवटची तारीख ३१ मार्च २०२६ होती. त्यामुळे साधा कॉल लागायला व्होल्टे (फोरजीवरून बोलायची सोय) रोमिंग हवं. ते तीन ठिकाणी जुळावं लागतं: फोनमध्ये व्होल्टे चालू, तुमच्या कंपनीची त्या जपानी नेटवर्कशी व्होल्टेची व्यवस्था, आणि त्या नेटवर्कवर तुमच्या मॉडेलला मान्यता. पॅक घेताना "जपानमध्ये व्होल्टे रोमिंग कोणत्या नेटवर्कवर?" असं स्पष्ट विचारा. उत्तर आलं की फोनमध्ये आपोआप निवड बंद करून तेच नेटवर्क हाताने निवडून द्या.

न्यूजर्सीवाली

इथून जाणाऱ्या आपल्या लोकांसाठी. अमेरिकेत घेतलेल्या आयफोन १४ आणि त्यापुढच्या फोनांना सिमची खाचच नाही, म्हणजे तुमचा हा सगळा वाद आम्हाला लागूच नाही. पण फोन हप्त्यांवर घेतला असेल तर तो बहुधा कंपनीने लॉक केलेला असतो आणि दुसरी ई-सिम स्वीकारत नाही. सेटिंग्ज, जनरल, अबाउटमध्ये 'कॅरिअर लॉक'समोर 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' दिसायला हवं.

आणि @भटक्या, जपानी नंबर लागतच नाही असं नाही. सामान एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात पाठवायच्या ताक्युबिनच्या फॉर्मवर फोन नंबर असतो (पुढच्या हॉटेलचा लिहिला तरी चालतो), पण काही रेस्तराँचं बुकिंग जपानी नंबराशिवाय पुढे सरकत नाही. हॉटेलच्या काउंटरवर विनंती केली तर बरेचदा ते फोन करून देतात.

कांदेपोहे

चौघांच्या कुटुंबाला पॉकेट वायफाय (खिशात मावणारा राउटर) भाड्याने घेणं स्वस्त पडेल ना?

भटक्या_डोंबिवली

@कांदेपोहे, चौघं दिवसभर एकत्र फिरणार असाल तरच. शिंजुकू स्टेशनात एक जण पुढे गेला की मागचे तिघे नेटविना. बॅटरी संध्याकाळपर्यंत मान टाकते आणि परत जाताना पाकिटात घालून टपालपेटीत टाकायची आठवण ठेवावी लागते. त्यापेक्षा दोन ई-सिम, दोन वेगवेगळ्या नेटवर्कच्या, आणि बाकीच्यांना हॉटस्पॉट. हॉटस्पॉट चालतो का हे घेण्याआधी वाचा.

अंतू_तांत्रिक

आणि 'अनलिमिटेड' वाचून भुलू नका. रोज १ किंवा २ जीबीनंतर वेग १२८ केबीपीएसपर्यंत पडू शकतो, त्यावर नकाशासुद्धा रडत उघडतो. 'दिवस' कुठे संपतो तेही पाहा. ग्रीनिच वेळेने मोजत असतील तर कोटा जपानच्या सकाळी ९ ला नवा होतो. म्हणजे ८ वाजता हॉटेलातून निघताना हातात कालचा उरलेला डेटा. फोटोंचा बॅकअप फक्त वायफायवर ठेवा आणि भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये जपानी भाषा ऑफलाइन उतरवून घ्या, म्हणजे १ जीबी दिवसभर पुरतो.

बाकी दुकानातलं सिम बाद धरू नये, हे माझं मत बदललेलं नाही. फक्त तिथे एपीएन (नेट जोडण्याची सेटिंग) हाताने भरावा लागतो किंवा आयफोनवर वायफायने त्या सेटिंगची प्रोफाइल उतरवावी लागते, म्हणून विमानतळाचं वायफाय सोडण्याआधीच ते उरका.