मोडलेलं जनुक कुणी रचलं? इंटेलिजंट डिझाइनवर चर्चा

कोरा कागद

इंटेलिजंट डिझाइनवाल्यांचा, म्हणजे सजीव एखाद्या बुद्धिमान रचनाकाराने घडवले असं मानणाऱ्यांचा, युक्तिवाद बहुतेक वेळा एकाच वाटेने येतो. एखादा विलक्षण गुंतागुंतीचा अवयव दाखवायचा, 'हा आपोआप कसा घडेल?' असं विचारायचं, आणि समोरचा अडखळला की रचनाकार सिद्ध झाला असं धरून चालायचं. धर्मशास्त्री विल्यम पेलीने १८०२ मध्ये 'घड्याळ दिसलं की घडवणारा आलाच' असा घड्याळाचा दाखला दिला, इंटेलिजंट डिझाइनचे पुरस्कर्ते जीवरसायनशास्त्रज्ञ मायकेल बीही यांनी १९९६ मध्ये जिवाणूची कशाभिका, म्हणजे त्याला पोहायला मदत करणारी फिरती शेपटी, पुढे केली. उदाहरण बदललं, पण युक्तिवाद तोच राहिला.

माझं म्हणणं असं की सजीवांचा इतिहास त्यांच्या कौशल्यापेक्षा त्यांच्यातल्या बिघाडांतून जास्त स्वच्छ दिसतो. बहुतेक सस्तन प्राणी क जीवनसत्त्व स्वतःच्या यकृतात बनवतात. त्यातली शेवटची पायरी पार पाडणाऱ्या एन्झाइमचं जनुक आपल्याकडेही आहे, पण मोडलेल्या अवस्थेत. म्हणून तर महिनोन्‌महिने समुद्रावर राहणारे खलाशी स्कर्व्हीने, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावी होणाऱ्या रोगाने, मरत. हेच जनुक चिंपांझी, गोरिला, माकडं आणि टार्सियर यांच्यातही बंद आहे. लेमूर आणि लोरिस यांच्यात मात्र ते चालू आहे. प्रायमेट गणाच्या या दोन शाखा नाकाच्या रचनेसारख्या लक्षणांवरून वेगळ्या काढल्या गेल्या, तेव्हा जनुकं वाचण्याची सोयच नव्हती. बिघाडाची सीमा बरोबर त्याच रेषेवर यावी, याचं उत्तर सामाईक पूर्वज मानला तर सरळ मिळतं. रचनाकार मानला तर मला तरी मिळत नाही.

ध्रुवतारा

असहमत. एकच अभियंता अनेक यंत्रांत तेच भाग वापरतो, म्हणून साम्य म्हणजे नातं असं होत नाही. दुसरं म्हणजे गिनीपिगमध्येही हे जनुक बंद आहे. मग तोही आपला जवळचा नातेवाईक ठरवणार का? आणि आज निकामी वाटणाऱ्या डीएनएचं काम उद्या सापडू शकतं. एकेकाळी 'जंक' म्हणून हिणवलेल्या बऱ्याच भागांचं काम पुढे कळलंच ना?

कोरा कागद

चालणारा भाग पुन्हा वापरणं समजू शकतो. तुटलेला भाग त्याच तुटलेल्या जागांसकट पुढच्या यंत्रात बसवायचं कारण काय?

गिनीपिगचं उदाहरण तुम्ही आणलंत ते बरं झालं, कारण ते माझ्याच बाजूचं आहे. त्याच्या जनुकाचे तुकडे गळाल्याचा नमुना वेगळा, आपल्यातला वेगळा. म्हणजे तिथे तो बिघाड स्वतंत्रपणे झाला. बिघाड नुसता 'आहे की नाही' हे पाहून कुणीच नातं ठरवत नाही, तो कुठे आणि कसा झाला हे पाहतात. काही वटवाघळांतही हे जनुक निकामी झालं आहे. आहारात क जीवनसत्त्व भरपूर असेल तर असा बिघाड जिवावर बेतत नाही आणि टिकून जातो. राहिली गोष्ट उद्या सापडणाऱ्या कामाची. या तुकड्याचं दुसरं काही काम निघालं, तरी त्याने तो वारसा पुसला जात नाही.

अनाम वाटसरू

तुम्ही सोपं उदाहरण निवडलंत. मोडणं सोपंच असतं, घडवणं अवघड. कशाभिकेवर बोला. फिरती मोटर, तिचा दांडा, वाकडा जोड, लांब शेपूट. एक भाग काढला की ती फिरत नाही. अर्धी मोटर जिवाणूच्या काय कामाची? नेहमीचं उत्तर असतं की प्लेगच्या जिवाणूत तिच्या तळासारखी एक सुई आहे. पण ती सुई मोटरमधूनच नंतर निघाली असावी असं उत्क्रांतीवाले संशोधकही म्हणतात. मग ती पूर्वज कशी?

नीलपंख

सुई पूर्वज आहे असा दावाच नाही. बीहींचा दावा असा होता की भाग कमी केले की यंत्र निरुपयोगी होतं, आणि नैसर्गिक निवडीला धरायला काही उरत नाही. मोटरचे बरेच भाग नसूनही ती सुई यजमानाच्या पेशीत प्रथिनं सोडते, म्हणजे तिचा उपयोग आहे. दावा तेवढ्यानेच पडतो. सुई आधी की मोटर आधी, याने काही फरक पडत नाही.

घडण्याबद्दलही सांगतो. जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेन्स्की यांनी १९८८ मध्ये ई. कोलाय जिवाणूंच्या १२ वसाहती वेगवेगळ्या वाढवायला घेतल्या. ऑक्सिजन असताना हे जिवाणू सायट्रेट हे रसायन खाऊ शकत नाहीत. साधारण ३१,५०० पिढ्यांनंतर एका वसाहतीत ते खाणारे निघाले. सायट्रेट आत घेणाऱ्या जनुकाची एक जादा प्रत तयार होऊन ती वेगळ्या नियंत्रणाखाली गेली होती. त्यांनी जुन्या पिढ्या गोठवून ठेवल्या होत्या. त्या पुन्हा वाढवल्यावर दिसलं की उशिराच्या पिढ्यांतून हा गुण परत उगवतो, अगदी सुरुवातीच्या पिढ्यांतून नाही. म्हणजे आधीच्या काही बदलांनी जमीन तयार केली होती. मला यातला हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो.

अनाम वाटसरू

जनुक आधीपासून होतंच. नवीन काय घडलं? आणि शेवटी जिवाणूचा जिवाणूच राहिला.

नीलपंख

आधीपासून असलेल्या गोष्टीची प्रत होणं आणि तिला नवं काम मिळणं, उत्क्रांती बहुतांशी अशीच होते. शून्यातून अख्खं यंत्र उभं राहतं असं जीवशास्त्र म्हणतच नाही.

मृदगंध

मी देव मानते, आणि उत्क्रांतीही मानते. इथली चर्चा आस्तिक विरुद्ध नास्तिक अशी होऊ नये एवढंच म्हणणं आहे. शाळेत विज्ञानाच्या वर्गात इंटेलिजंट डिझाइन आणण्यावरून अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर शाळेवर जो खटला झाला त्यात, २००५ मध्ये, इंटेलिजंट डिझाइनविरुद्ध साक्ष देणारे जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर श्रद्धाळू कॅथलिक आहेत. निकाल देणारे न्यायाधीश जॉन जोन्स यांची नेमणूक जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी केली होती. तरी निकाल असा लागला की हे विज्ञान नाही.

ध्रुवतारा

विज्ञान काय हे न्यायालयाने ठरवायचं? उद्या निकाल उलटा लागला असता तर तुम्ही मान्य केला असता?

कोरा कागद

नसता केला. निकालापेक्षा मला तिथली उलटतपासणी महत्त्वाची वाटते. कुठलीही जैविक रचना डिझाइनने नेमकी कशी घडली याचा प्रयोग किंवा आकडेमोडीसह तपशील देणारा, समीक्षेतून गेलेला एकही शोधनिबंध नाही, हे बीहींनी तिथे शपथेवर मान्य केलं.

दुसरीकडे जीवाश्मशास्त्रज्ञ नील शुबिन आणि सहकाऱ्यांनी मासे आणि चतुष्पाद, म्हणजे चार पायांचे प्राणी, यांच्या मधला प्राणी कोणत्या वयाच्या आणि कशा प्रकारच्या खडकांत असायला हवा हे आधी ठरवलं, मग कॅनडाच्या उत्तरेला एल्समियर बेटावर शोध घेतला. २००४ मध्ये टिकटालिक या प्राण्याचा जीवाश्म सापडला. साडेसदतीस कोटी वर्षांपूर्वीचा, खवले असलेला, पण मान फिरवू शकणारा आणि पोहण्याच्या परांमध्ये मनगटासारखी हाडं असलेला. नसता सापडला तर त्या अंदाजाला धक्का बसला असता. डिझाइनचा असा धोका पत्करणारा एखादा अंदाज सांगा.

ध्रुवतारा

सांगतो. कशाभिका नसलेल्या जिवाणूंमध्ये प्रयोगशाळेत, नुसत्या निवडीच्या जोरावर कशाभिका उगवून दाखवा. मी डिझाइन सोडून देईन.

नीलपंख

यात सगळं काम उत्क्रांतीवाल्यांनीच करायचं आहे, तेही कोट्यवधी वर्षांचं काम काही वर्षांत. शिवाय प्रयोग फसला तरी रचनाकार होता असं त्यातून निघत नाही, फक्त त्या प्रयोगात ते घडलं नाही एवढंच निघतं. रचनाकाराने काय केलं असेल, कधी केलं असेल, आणि कुठे शोधलं तर त्याची खूण मिळेल, यातलं काहीही एक सांगा. ते तपासायला मी तयार आहे.