घरी बांधलेल्या गाडीला चासी नंबर कुठला?

प्रश्न: चासी (गाडीचा सांगाडा) स्वतः वेल्डिंग करून बनवली आहे, इंजिन आणि गिअरबॉक्स भंगारातल्या गाडीचे. नोंदणीसाठी जुन्या गाडीचाच नंबर चालेल का?

उत्तर १: नाही. जुना नंबर कापून नव्या चासीवर डकवणं बहुतेक ठिकाणी सरळ गुन्हा धरतात. नवीन नंबर नोंदणी कार्यालयाकडूनच मागून घ्या. आणि पावत्या! "जुने इंजिन, १ नग" असली पावती कुचकामी. तिच्यावर इंजिन नंबर हवा, नाहीतर माल चोरीचा नाही हे कशावरून?

उत्तर २: १७ अंक-अक्षरांच्या चासी नंबरात आय, ओ, क्यू ही अक्षरं नसतातच. शून्याच्या जागी ओ लिहिलात की अर्ज परत. वेल्डच्या जोडांचे फोटो रंग मारण्याआधी काढा, नंतर कोण खरवडणार?

उत्तर ३: तपासणीला जाण्याआधी स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवा आणि खाली वाकून बघा. टायर ब्रेकच्या रबरी नळीला घासत असेल तर तिथे काळा चकचकीत पट्टा दिसतो. ब्रेकचं पेडल मऊ लागलं तर बहुधा ब्रेकच्या लाइनमध्ये हवा आहे, पुन्हा ब्लीड करा, म्हणजे ती हवा बाहेर काढा.

प्रश्नकर्ता: इंजिनाच्या पावतीवर नंबर नाहीये. विकणाऱ्याकडून आजच लिहून घेतो.